चार नंबरचा दिवा

“ह्या टिकल्या जरा मोठ्या कर की रे,” तात्या म्हणाले.

त्यांचा उजवा हात माउसवर होता आणि डाव्या हातानं त्यांनी उजव्याचं मनगट दाबून धरलं होतं. पडद्यावर एका डबीतून दोरा बाहेर ओढला गेला, थरथरत दुसऱ्या डबीपाशी पोचला, टिकलीच्या अलीकडे-पलीकडे दोनदा फिरला आणि सुटून नाहीसा झाला.

“करतो,” मी म्हणालो आणि वहीत लिहून ठेवलं. कामांच्या यादीत तो एकशेबारावा नंबर होता. मग त्यांच्या हातातून माउस घेऊन मीच दोरा जोडून दिला.

“तू जोडलास तर मग मी काय शिकलो?”

“तात्या, प्रयोगात जोडायचं काही कामच नाही तुम्हाला. सगळं आधी जोडलेलं असणार. तुम्ही फक्त दांडी हलवायची.”

इचलकरंजीतल्या एका शाळेचा हॉल, रविवारची सकाळ. कोपऱ्यात बाकांचा ढीग, मध्ये आमच्या नाटकाचं अर्धमुर्धं नेपथ्य आणि एका टेबलावर माझा लॅपटॉप. ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट.

डब्या, दोरे, टिकल्या हे शब्द तात्यांचे. माझ्या धंद्यात त्यांना वेगळी भारदस्त नावं आहेत, पण आता मलाही तात्यांचीच तोंडात बसलीत. मी सहा वर्षं जे हत्यार बनवत होतो त्याची कल्पना साधी होती. नाटकातले दिवे, आवाज, मागच्या पडद्यावरची चित्रं हे सगळं कॉम्प्युटरवरून चालवायचं, आणि तेही तिथल्या तिथं, माणसाच्या हाताबरोबर. त्यासाठी प्रोग्रॅम लिहावा लागू नये. पडद्यावर चौकोनी डब्या असतात. एक डबी म्हणजे दिवा, एक म्हणजे माइक, एक म्हणजे लॅपटॉपशेजारची, हातानं वरखाली करायची खरी दांडी. डबीच्या कडेला बारीक टिकली. या टिकलीपासून त्या टिकलीपर्यंत माउसनं दोरा ओढला की जोडणी झाली. दांडी वर केली की दिवा वर. दिव्याच्या डबीत एका वेळी एकच दोरा बसतो, नवा लावला की जुना आपोआप सुटतो. कशाला काय जोडलंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, लपवाछपवी नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. सांगून सांगून तोंड दुखायला लागलं होतं.

पुण्यात हे काम मी आणि माझा मित्र निशिकांतनं मिळून सुरू केलं. पाचव्या वर्षी निशिकांतनं नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही, मलाही धरायची होती, पण कुणीतरी मागं राहायला हवं म्हणून मी राहिलो. मग खोली सोडून इचलकरंजीला आईकडे आलो. बंगळूरच्या एका कंपनीला अजून आमच्या कामात रस होता. त्यांची अट एकच होती. प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेल्या माणसानं एक आख्खा प्रयोग यावर चालवून दाखवायचा, आणि रंगमंच व लॅपटॉपचा पडदा या दोन्हींचं सलग चित्रीकरण त्यांना पाठवायचं. तोवर मी इतका थकलो होतो की हे चालावं असं वाटेनासं झालं होतं. संपावं एवढंच वाटत होतं.

तात्या मगदूम आमच्या गावच्या हौशी नाटकांना चाळीस वर्षं उजेड देत होते. दिवसभर साच्यांवर जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. हजारो धाग्यांतला तुटलेला एक धागा त्यांना लांबून दिसायचा. संध्याकाळी नाटकाचे दिवे. बरण्यांत मिठाचं पाणी भरून त्यात पट्ट्या वरखाली करत दिवे मंद करायचे, तेव्हापासूनचे ते. आता एकाहत्तर वर्षांचे होते आणि दोन वर्षांपासून त्यांचा हात थरथरत होता. मागच्या प्रयोगात आमच्या नाटकात काम करणाऱ्या मालतीच्या तोंडावरचा दिवा असा हलला की पुढच्या रांगेतून कुणीतरी “लाइट जातीय वाटतं” म्हणालं आणि अर्धं नाट्यगृह हसलं.

आमचे दिग्दर्शक खोत सर. हायस्कूलात भूगोल शिकवायचे आणि तालमीतही नकाशावर छडी ठेवल्यासारखे बोलायचे.

“तात्या, मान तुमचा,” ते म्हणाले होते, “पण आता स्पर्धा आहे. कोल्हापूरहून माणूस बोलावतो. तुम्ही शेजारी बसा, मार्गदर्शन करा.”

तात्यांनी पिशवीतून चष्म्याचं घर काढलं, त्यात चष्मा ठेवायला त्यांना बराच वेळ लागला. तेव्हा मी मध्ये पडलो. म्हणालो, सर, मला तीन आठवडे द्या, तात्यांच्या हाताची थरथर दिव्यापर्यंत पोचणार नाही असं करून देतो. मला तात्यांचा कळवळा होता हे खरं. मला प्रोग्रॅमिंगचा गंध नसलेला माणूस हवा होता हेही तितकंच खरं.

बाकीच्या दिव्यांचं काही अवघड नव्हतं. त्यांना एकेक बटण होतं, दाबलं की काम झालं. प्रश्न होता तो चार नंबरच्या दिव्याचा. शेवटच्या प्रवेशात मालती हावळ ट्रंकेवर एकटी बसते, तिच्यावर तेवढा एकच दिवा. मालती एरवी पतपेढीत कारकून. पंधरा वर्षं तिच्यावर तात्यांचाच उजेड. तिचं शेवटचं वाक्य होतं, “दार उघडंच ठेवते.” त्याआधी ती थांबायची. किती थांबायची हे रोज वेगळं. मग वाक्य, आणि वाक्य संपलं की तिचा डावा खांदा जरासा खाली यायचा. तात्या तिच्या तोंडाकडे बघत नसत, खांद्याकडे बघत. खांदा पडला की काळोख सुरू. हा दोघांचा करार होता, आणि तो कधी बोलून झालेला नव्हता.

मी दांडी आणि दिवा यांच्यामध्ये एक गाळणी बसवली. हाताचं बारीक थरथरणं गाळून फक्त मोठी हालचाल पुढं पाठवणारी डबी. दिवा शांत झाला. पण गाळायला वेळ लागतो.

“मी दांडी खाली घेतली,” तात्या म्हणाले, “आणि दिवा इचार करालाय.”

गाळणी सैल केली की दिवा हलायचा, घट्ट केली की उशिरा यायचा. इथंच घोडं पेंड खात होतं. दोन आठवडे मी एक आकडा वर-खाली करत बसलो. तात्या न कंटाळता रोज यायचे, दांडीवर हात ठेवायचे, मान हलवायचे. “अजून मागंच हाय,” म्हणायचे. एकदा मी चिडून म्हणालो, “तात्या, अर्धा सेकंद! कुणाला कळतंय?”

“मालतीला कळतंय.”

स्पर्धा मंगळवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी कसं कोण जाणे, तात्यांचा हात शांत होता. चार नंबरचा दिवा असा उतरला की मालती अंधारातून म्हणाली, “तात्या, आज अंगावर काटा आला बघा.” शुक्रवारी हात पुन्हा बिघडला, आधीपेक्षा जास्त. दांडी खटखट वाजायला लागली. खोत सर माझ्याकडे बघून फक्त घड्याळावर बोट टेकवून गेले.

शनिवारी सकाळी घरी बसून मी जे केलं ते करायला पाच मिनिटं लागली. हत्यार प्रत्येक तालमीतली दांडीची हालचाल साठवून ठेवायचं. मी एक नवी डबी घेतली, तिच्यात गुरुवारची हालचाल भरली आणि तिच्यापासून चार नंबरच्या दिव्याला दोरा लावला. डबीला नाव दिलं ‘गुरुवार’. दांडीचा दोरा गाळणीपर्यंत तसाच ठेवला. पुढं तो कुठंच जात नव्हता. शेवटच्या प्रवेशाचं बटण दाबलं की गुरुवार सुरू व्हायचा आणि ठरलेल्या वेळी दिवा उतरवायचा. तात्यांनी दांडी हलवली काय, नाही हलवली काय. सहा वर्षं मी लोकांना सांगत फिरलो होतो की माझं हत्यार आत्ताच्या आत्ता चालतं, आणि शेवटी त्यात टेप लावून मोकळा झालो.

तात्यांना सांगितलं नाही. सांगणार होतो, पण सांगायचं तर वाद झाला असता, आणि वादाला लागणारी ताकद माझ्यात नव्हती.

शनिवारची तालीम झकास झाली. खोत सर टाळ्या वाजवत आले. “तात्या, आज मानलं!”

तात्या आपल्या हाताकडे बघत होते. “आज हात लईच शाना झाला की,” ते म्हणाले. मी हसलो. त्यांना बरं वाटलं असं मला वाटलं.

मंगळवारी मिरजेला दुपारी बाराचा प्रयोग. मी कॅमेरा आणि स्टँड घेऊन वर बाल्कनीतल्या दिव्यांच्या टेबलापाशी पोचलो तर तात्या आधीच येऊन लॅपटॉपसमोर बसलेले. पडद्याच्या काचेवर बोट ठेवून ते डावीकडून उजवीकडे नेत होते.

“काय बघताय तात्या?”

“काय न्हाई. धागं मोजालोय.”

मी घाईत होतो. मला स्टँडचा एक पाय बसवायचा होता, तो बसत नव्हता. लॅपटॉपच्या पडद्याचं चित्रीकरण आतल्या आत सुरू केलं, कॅमेरा तात्यांच्या मागं चार पावलांवर उभा केला. त्यांची पाठ आणि पलीकडे रंगमंच, दोन्ही चौकटीत छान येत होते.

नाटक रंगलं. तात्यांनी एकही बटण चुकवलं नाही. शेवटचा प्रवेश आला, त्यांनी बटण दाबलं, चार नंबरचा दिवा मालतीवर आला. गुरुवार सुरू झाला. सहा वर्षं अडकलेला माझा जीव आता दोन मिनिटांत मोकळा होणार होता.

मालतीनं हातातली साडी घडी करून मांडीवर ठेवली. थांबली. मी मनात मोजत होतो. आता बोलेल. आता बोलेल. ती बोलेना. वाक्य विसरली की काय, असं मला वाटलं. नंतर कळलं, विसरली नव्हती. तिला खरंच रडू आलं होतं आणि ते गिळल्याशिवाय तिला तोंड उघडायचं नव्हतं. खांदा जिथल्या तिथं होता.

आणि दिवा उतरायला लागला.

तात्यांचा डावा हात दांडीवर होता, दांडी पार वर. उजवा हात मांडीवरून उठला आणि टेबलावर भरकटला. घसरला, असं मला वाटलं. मला चीड आली, खोटं कशाला सांगू. हा हात आता कॅमेऱ्यात दिसणार, बंगळूरचे लोक विचारणार, हे काय म्हणून. पुढं होऊन मी स्वतः दोरा बदलू शकलो असतो. मला त्याला एक सेकंद लागला असता. चार पावलं होती. पण मी गेलो तर मीही कॅमेऱ्यात आलो असतो, आणि मग प्रयोग एकट्या तात्यांनी चालवला असं म्हणता आलं नसतं. मी उभा राहिलो.

दिवा गेला. पूर्ण काळोख झाला आणि त्या काळोखातून मालतीचा आवाज आला, “दार उघडंच ठेवते.”

पडदा पडला. टाळ्या झाल्या. त्या अंधारात मला दांडीचा खटखट आवाज ऐकू आला. तात्या ती हळूहळू खाली आणत होते. आवाज तळाला जाऊन थांबला.

खोत सर दोन-दोन पायऱ्या चढत आले. “तात्या, काय केलंत हे? वाक्याच्या आधी? पंधरा वर्षांत कधी नाही ते आज?”

“माझं चुकलं सर,” तात्या म्हणाले. “हात सुटला.”

सरांनी दांडीकडे बघितलं. ती खालीच होती. मी वायरी गुंडाळत होतो. मला तोंड होतं, पण मी ते उघडलं नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित उघडलं असतं, पण त्यांनी बघितलं नाही.

परीक्षकांना ते अंधारातलं वाक्य फार आवडलं. ‘धाडसी’ असा शब्द त्यांनी वापरला. आठ दिवसांत खोत सर सगळ्यांना सांगायला लागले की ती कल्पना पहिल्यापासून त्यांचीच होती. अंतिम फेरीसाठी मात्र त्यांनी कोल्हापूरचा माणूस बोलावला.

बुधवारी मी चित्रीकरण कापायला बसलो. रंगमंचाचं आधी बघितलं, मग लॅपटॉपच्या पडद्याचं. शेवटच्या प्रवेशात दिवा उतरायला लागतो तिथं आलो आणि हात थांबला. माउसचा बाण हलत होता. तो दांडीच्या डबीकडे आला, टिकलीच्या आजूबाजूला घुटमळला आणि त्यानं दोरा ओढला. दोरा थरथरत चार नंबरच्या दिव्याकडे निघाला. टिकलीच्या वरून गेला, सुटला. पुन्हा ओढला. खालून गेला, सुटला. तिसऱ्यांदा कडेला लागला. टिकली जोडायला तयार झाली की पिवळी होते, ती पिवळी झाली. मग हात हलला आणि दोरा गेला. अकरा सेकंद.

मी ते पाच-सहा वेळा बघितलं. मग शेवटचा प्रवेश दोन्हींतून कापला, तेवढा भाग खराब झाला असं लिहिलं आणि बाकीचं बंगळूरला पाठवून दिलं. पुढं त्यांनी ते घेतलं. मी आजही त्यावरच जगतो.

पाठवून झाल्यावर तात्यांकडे गेलो. ते दारापुढच्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होते. निम्मे दाणे ताटात, निम्मे खाली.

“ये. बस,” म्हणाले. “गेलं का तुजं बंगळूरला?”

“तात्या, तुम्हाला माहीत होतं?”

त्यांनी एक शेंग फोडली. “शनिवारी वाटलं. माजा हात मला म्हाईत न्हाई व्हय? मंगळवारी बघितलं. दांडीचा दोरा गाळणीत गेलाय आणि पुढं कुठंच न्हाई. आणि वर गुरुवार म्हणून डबी. तूच म्हणतोस न्हवं, उघड्या डोळ्यांनी दिसतंय म्हणून.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“काय बोलायचं? माज्या हातानं दिवा हलला आसता, मालतीला मानसं हसली आसती. गुरुवारचा हात तरी माजाच हुता. म्हटलं, चालू दे. पोरगं दमलंय.”

मी खाली पडलेले दाणे वेचायला लागलो. दुसरं काय करावं ते सुचेना.

“पण मालती थांबली की रे,” ते म्हणाले. “गुरुवारला काय म्हाईत, ती आज थांबलीया? तवा म्हटलं, आता आपला दोरा जोडला पायजे. हललं तर हललं. तिचं वाक्य उजेडात व्हायला पायजे हुतं.” त्यांनी उजवा हात पुढं धरला. तो हलत होता, आणि त्यांनी तो तसाच हलू दिला. “टिकली घावंना.”

“मला हाक मारायची, तात्या. मी मागंच होतो.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

“हाक कशाला? तू बगतच हुतास की.”

आतून त्यांच्या मंडळींनी चहा आणला. मी तो प्यालो. शेंगा संपेपर्यंत बसलो आणि उठलो. त्यानंतर तात्या कधी दिव्यांच्या टेबलावर बसले नाहीत. मीही त्यांना बसा म्हणालो नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार?

ते हत्यार आता कुठल्या कुठल्या देशांत चालतं. टिकल्या फार बोजड आहेत, पडद्यावर जागा खातात, अशी तक्रार दरवर्षी येते. कंपनीतल्या मुलांनी त्या दोनदा लहान केल्या, मी दोन्ही वेळा परत मोठ्या केल्या. कारण कुणाला सांगितलेलं नाही.

त्या बुधवारी तात्यांकडून घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. टिकलीचा आकार कुठं लिहिलाय ते शोधलं. एका ओळीत, एका आकड्यात होता. सहा होता, तो वीस केला. अर्धं मिनिटही लागलं नाही. वही काढून एकशेबारा नंबरवर रेघ मारली. मग डाव्या हातानं उजव्याचं मनगट दाबून धरलं, उजवा हात मुद्दाम हलवत दांडीच्या डबीतून दोरा ओढला आणि चार नंबरच्या दिव्याकडे नेला. पहिल्याच खेपेला बसला.